करवलीचा खण

वाचकहो, लग्नघरातील कापडखरेदीचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेलच. वधूचा शालू, वराचा पोशाख, विहीणबाईंची साडी, आत्या-मावश्यांचे आहेर, यांची यादी करताना घरातील वडीलधारी माणसे डोळ्यांत तेल घालून बसतात. त्या यादीच्या अगदी तळाशी, बहुधा पेन्सिलीने, एक ओळ लिहिलेली असते, 'करवलीची साडी'. सगळी खरेदी उरकल्यावर पिशवीत जे पैसे उरतील त्यांत ती बसवायची, असा पुष्कळ घरांचा रिवाज आहे. आमच्याही घरचा तोच होता. गेल्या वैशाखात आमच्या धाकट्या दिरांच्या मुलीचे लग्न झाले आणि ही तळाची ओळ एकाएकी यादीच्या माथ्यावर येऊन बसली. त्यातून जे घडले ते सांगण्यासारखे आहे असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

आम्ही रायपूरचे. माझे माहेर नागपूरचे, सासर इथले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. पुढे २००० साली त्याच तारखेला छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. सरहद्दी अशा हलत राहिल्या तरी नागपूर-रायपूरमधील सोयरिकी काही थांबल्या नाहीत. इथली मराठी घरे त्याहून कितीतरी जुनी. कोणी भोसल्यांच्या अमलात आले, कोणी रेल्वेच्या नोकरीबरोबर आले. आमच्या बोलण्यात हिंदी आणि छत्तीसगढी इतकी मिसळली आहे की पुण्याच्या पाहुण्यांना हसू येते. पण लग्नात देवक, सीमांतपूजन, अंतरपाट आणि करवली यांत मात्र आम्ही तसूभर फरक होऊ देत नाही.

करवली म्हणजे काय, हे मराठी वाचकांना सांगायला नको. तरीही ज्यांच्या घरची तरुण मुले दूरच्या शहरांत वाढली त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. वधूच्या पाठीशी तिची बहीण आणि वराच्या पाठीशी त्याची बहीण मंगलाष्टके संपेपर्यंत उभी राहते. हातात पाण्याने भरलेला, पाने-नारळ ठेवलेला करा, नाहीतर पेटता दिवा. करा धरणारी ती करवली, असे जुनी माणसे सांगत. अर्धा-पाऊण तास तिने हलायचे नाही, पाणी हिंदकळू द्यायचे नाही, ज्योत विझू द्यायची नाही. काम लहान दिसते. पण नऊ-दहा वर्षांच्या पोरीचे हात भरून येतात. या कामाबद्दल तिला मान असतो, आणि तो चुकला तर ती रुसते. करवलीचा रुसवा हा थट्टेचा विषय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

माझी आई १९४५ साली तिच्या थोरल्या बहिणीची करवली झाली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. महायुद्धामुळे कापडाची टंचाई होती. सरकारने १९४३ मध्ये सुती कापडावर आणि सुतावर नियंत्रण बसवले होते. कंट्रोलच्या कापडाच्या गोष्टी आईच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकल्या की त्या मलाच आठवतात असे कधी कधी वाटते. करवलीसाठी नवे कापड घ्यावे असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. आजीने आपली विरलेली रेशमी साडी काढली, जिथे अंग चांगले होते तेवढे कापून परकर शिवला आणि काठ खाली फिरवून घेतले. तो परकर आईने पुढे चार वर्षे घातला. दर वर्षी खालची दुमड थोडी उसवायची की परकर पोरीबरोबर वाढायचा. दोन वर्षांनी, १९४७ च्या नोव्हेंबरात, लंडनला राजकन्या एलिझाबेथचा विवाह झाला, तेव्हा तिच्या पाठीशी आठ करवल्या होत्या. तिकडेही कापडाची कुपने अजून चालू होती आणि राजकन्येच्या पोशाखालासुद्धा कुपने लागली. आईला हे मागाहून कोणी तरी सांगितले असावे. "राणीची करवली न् मी, दोघी रेशनातल्याच," असे ती म्हणे.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमची ही पुतणी पुण्यात नोकरी करते. माझ्या थोरलेपणामुळे ती मला विदर्भातल्या रीतीप्रमाणे 'मोठी आई' म्हणते. फाल्गुनात सुटी काढून ती आली आणि तिने मोबाईलवर एक चित्र दाखवले. सहा मुली एका ओळीत उभ्या, सहाही जणींच्या अंगावर एकाच रंगाचे, एकाच कापडाचे घेरदार घागरे. "मोठी आई, माझ्या ब्राइड्समेड अशा उभ्या राहणार," ती म्हणाली. करवली एक असते, फार तर दोन, एवढेच मला ठाऊक. पण तिच्या मनात दोन चुलतबहिणी, एक मामेबहीण, भिलाईची एक मैत्रीण, पुण्याची एक आणि शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबातील बालमैत्रीण, अशा सहा जणी ठरलेल्या होत्या. मला त्यात वावगे काही वाटले नाही. उलट, शेजारची पोर आमच्या करवल्यांत उभी राहणार याचा आनंदच वाटला.

आम्ही पंडरीच्या कपडा बाजारात गेलो. रायपूर ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगते, शहरातील लग्नाच्या सामानासाठी जुने ठिकाण म्हणजे गोलबाजार, दागिन्यांसाठी सदर बाजार, आणि कापडाची मोठी उलाढाल पंडरीला. दुकानदार गादीवर बसवतो, पाणी देतो, आणि मग त्याची पोरे एकावर एक घडी अशी उलगडत जातात की पाहणाऱ्याचे डोळे थकतात आणि 'नको' म्हणण्याची लाज वाटू लागते. हे त्या धंद्यातले जुने कसब आहे. तास-दीड तासाने पुतणीने एक घागरा निवडला. वर जाळीची ओढणी, खाली चमकदार कापड, त्यावर टिकल्यांचे काम आणि रंग पिस्त्याचा. किंमत साडेआठ हजार रुपये.

"सहाचे किती झाले?" मी विचारले.

"आपल्याला नाही गं द्यायचे. जी ती आपापला घेणार. आमच्या मैत्रिणींत असेच करतात."

दुकानदारही म्हणाला, "माताजी, आजकल सब यही ले रहे हैं." मी गप्प बसले, कारण माझे लक्ष त्या रंगावर खिळले होते. त्याचे कारण पुढे येईलच. नमुन्याचा फोटो काढून पुतणीने सगळ्यांना पाठवला आणि आम्ही घरी आलो.

तिसऱ्या दिवशी राजनांदगावहून माझ्या मधल्या जाऊबाईंचा फोन आला. भाऊजींना जाऊन तीन वर्षे झाली. जाऊबाई एका दुकानात हिशेब लिहितात आणि त्यावर मुलीचे शिक्षण चालले आहे. त्या म्हणाल्या, "वहिनी, पोरीची परीक्षा त्याच दिवसांत येते आहे. आम्ही मुहूर्तापुरते येऊन जाऊ. करवल्यांत तिला धरू नका." मी बरे म्हटले. फोन ठेवल्यावर वेळापत्रक कुठल्या तारखेला संपते हे मी शेजारच्या मुलीला विचारले, कारण ती त्याच विद्यापीठाच्या परीक्षेला बसणार होती. परीक्षा लग्नाच्या बारा दिवस आधी संपत होती.

वाचकहो, जाऊबाई खोटे बोलल्या म्हणून मला राग आला नाही. त्यांना ते बोलावे लागले याची लाज वाटली. साडेआठ हजार त्यांच्याकडे नव्हते, आणि असते तरी एका दिवसाच्या घागऱ्यावर घालण्याजोगे नव्हते. आम्ही पैसे देऊ केले असते तर त्यांनी घेतले नसते. भाऊजी गेले तेव्हाही त्यांनी कोणाकडून काही घेतले नाही. नात्यातल्या माणसाला मदत करणे सोपे असते असे आपण समजतो. मला तरी ते परक्याला मदत करण्यापेक्षा अवघड वाटत आले आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि नीट सांगायचे तर जाऊबाईंपेक्षा माझ्या धाकट्या बहिणीमुळे आली नाही. माझे लग्न १९७९ साली नागपूरला झाले. बहीण तेव्हा सतरा वर्षांची, माझी पाठची करवली. सीताबर्डीवरच्या एका दुकानात तिला मोरपंखी रंगाची रेशमी साडी आवडली होती. तिने ती नुसती हातात धरली, मागितली नाही. आईने माझ्याकडे पाहिले, कारण त्या दिवशी निर्णय माझा होता. मी म्हणाले, "करवलीकडे कोण बघतंय?" तिच्यासाठी पिस्त्याच्या रंगाची नायलॉनची साडी घेतली. वाचलेल्या पैशांत माझ्या शालूला जुळणारी पर्स आणि चपला आल्या. लग्नाच्या फोटोत ती माझ्या मागे दिवा धरून उभी आहे. चेहऱ्यावर रुसवा नाही. तो असता तर बरे झाले असते, असे मला गेली कित्येक वर्षे वाटते. चपला सहा महिन्यांत तुटल्या.

सकाळी उठून मी पुतणीला पुण्याला फोन लावला. भाषण दिले नाही, एवढेच म्हणाले की तुझी चुलतबहीण परीक्षेचे कारण सांगते आहे आणि परीक्षा तर आधीच संपते. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला सुचलंच नाही गं." मला ते खरे वाटले. ज्यांच्या मैत्रिणी सगळ्याच कमावत्या असतात त्यांना असे प्रश्न पडत नाहीत. मी तिला दुसरी गोष्टही सांगितली. वैशाखातला मुहूर्त, गोरज वेळ असली तरी रायपूरचा उन्हाळा. अक्षय तृतीयेला इकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशी लहान मुली बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात आणि खरी लग्नेही ठिकठिकाणी लागतात; त्या दिवसांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जायला वेळ लागत नाही. अशा उकाड्यात पॉलिएस्टरचा घागरा, त्यावर जाळीची ओढणी, आणि हातात पेटता दिवा. पॉलिएस्टर पेटते तेव्हा वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापड जळते, पण अंगाला असे चिकटत नाही. रेशीम तर सहज पेटतच नाही, आणि पेटले तरी ज्योत दूर केल्यावर बहुधा आपोआप विझते. जिच्या हातात दिवा द्यायचा तिच्या अंगावर काय असावे, याचा विचार आपल्या आज्यांनी शास्त्र न शिकता केला होता.

"मग सगळ्यांना कोसाच्या साड्या घेऊ," ती म्हणाली. कल्पना चांगली होती, पण अस्सल कोसाची साडी काही घागऱ्यापेक्षा स्वस्त नसते. सहा साड्या घेणे धाकट्या भाऊजींना जड गेले असते. आम्ही दोघी फोनवर हिशेब करीत असताना माझी दृष्टी देवघराच्या कोनाड्यातल्या ओटीच्या सामानाकडे गेली. तिथे नारळ, तांदूळ आणि घडी केलेला खण होता.

आपल्यात सवाष्णीची ओटी खणा-नारळाने भरतात. खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. श्रीमंताने गरिबाला दिला तरी खणाने कोणी मिंधे होत नाही आणि तो कोणी परत करीत नाही. तो मानाचा असतो. करवलीलाही मान द्यायचाच असतो. मी म्हणाले, "सगळ्यांना एकाच कोसाचा ब्लाउज, आपल्याकडून, करवलीचा मान म्हणून. साडी ज्याच्या त्याच्या घरची. आईची, आजीची, मावशीची, कोणतीही. पण नवी घ्यायची नाही." पुतणीने एकच अट घातली की काठ सोनेरी किंवा तांबडा असावा. तेवढी हौस नवरीची पुरवायलाच हवी.

कोसाविषयी थोडे सांगते, कारण महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांना तो टसर या नावाने ठाऊक असेल आणि भंडारा-गडचिरोलीकडील वाचकांना तर त्यातले माझ्याहून अधिक कळत असेल. तुतीचा रेशीमकिडा घरात, टोपल्यांत वाढतो. कोसाचा किडा मात्र रानात, झाडावर वाढतो. ऐनाचे झाड, ज्याला इकडे साजा म्हणतात, आणि अर्जुन ही त्याची आवडती झाडे. बस्तरच्या सालवनांत तर रैली नावाचा कोसा कोणी न पाळता आपोआप होतो. पाळलेल्या किड्यांचीही पाखरांपासून राखण करावी लागते, पोपटांपासून शेत राखतात तशी. काही वर्षांपूर्वी मी चांपाला गेले होते. तिथे देवांगन विणकरांच्या घरांतून हातमाग चालतात. चांपा, कोरबा, रायगड ही गावे या कापडासाठी प्रसिद्ध आहेत. एका ओसरीत एक बाई शिजवलेल्या कोशांतून तंतू ओढून उघड्या मांडीवर वळीत बसली होती. तिच्या मांडीची कातडी घासून घासून काळी पडली होती. हे मांडीवरचे काम बंद व्हावे म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे सूत काढण्याचे यंत्र आणले आणि ते गावोगावी पोहोचवले. त्या बाईच्या घरी यंत्र पोहोचले असेल अशी आशा करते. तेव्हापासून कोसाच्या भावात घासाघीस करताना माझी जीभ जड होते.

चैत्रात पुतणी पुन्हा आली आणि आम्ही चांपाच्या विणकरांचा माल ठेवणाऱ्या एका दुकानात गेलो. पंडरीसारखा झगमगाट तिथे नव्हता. रंगवलेली थाने होती, पण मला हवा होता तो न रंगवलेला, आपल्या अंगच्या रंगाचा कोसा. तो मधासारखा असतो, कुठे किंचित फिका तर कुठे गडद, आणि सुतात बारीक गाठी असतात. पुतणीला आधी तो मळकट वाटला. दुकानदाराने थान उचलून दारातल्या उन्हात धरले, आणि मग तिने स्वतःच सहा मीटर मागितले. काठाच्या टोकाचे दोन धागे काढून मी काडीने पेटवून पाहिले. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडताच राख झाली. कृत्रिम धागा असता तर कडक मणी उरला असता. दुकानदाराला राग आला नाही, त्याने रेशीम मंडळाच्या 'सिल्क मार्क'ची चिठ्ठीही दाखवली. सहा मीटरांचे बिल एका घागऱ्याच्या किमतीपेक्षा कमी झाले. आमच्या शिंप्याला मी एकच गोष्ट बजावली, की शिवणीत माया भरपूर ठेव, या पोरींना हे ब्लाउज बाळंतपणानंतरही घालायचे आहेत. पोरींनी कानांवर हात ठेवले.

राजनांदगावचा खण टपालाने पाठवायचा की माणसाबरोबर, यावर घरात चर्चा झाली. शेवटी पुतणी स्वतः गेली. रेल्वेने तासा-दीड तासाचा रस्ता. नारळ आणि खण घेऊन गेली आणि काकूंना म्हणाली, "ताईला करवलीचा मान द्यायला आले आहे." पैशांविषयी, परीक्षेविषयी दोघींपैकी कोणी अवाक्षर काढले नाही. जाऊबाईंनी पेटी उघडून स्वतःच्या लग्नातली जांभळी रेशमी साडी काढली. भाऊजी गेल्यापासून ती पेटीतच होती, कडुलिंबाच्या पानांत.

लग्नात सहा जणी सहा रंगांत उभ्या होत्या. भिलाईची मैत्रीण मल्याळी. तिने आजीची सोनेरी काठाची पांढरी साडी नेसली होती आणि पांढरा रंग चालेल ना म्हणून तीनदा विचारले होते. शेजारच्या मुलीची आई आमच्या सवाष्णींत येऊन बसली आणि म्हणाली, आमच्याकडे अशा मानाच्या लेकीला सुवासिन म्हणतात. दिवा राजनांदगावच्या मुलीच्या हातात होता. पंख्याचा वारा लागून ज्योत फडफडू लागली, तेव्हा तिने पदर आडवा धरला आणि तेलाचे दोन थेंब जांभळ्या काठावर पडले. मी चपापून जाऊबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "पडू दे. पेटीत काही पडलं नसतं."

सगळे पाहुणे गेल्यावर मी नागपूरला बहिणीला फोन केला. लग्नाची हकीकत सांगितली, आणि त्या ओघात, जे सेहेचाळीस वर्षांत विचारले नव्हते ते विचारले, की ती पिस्त्याच्या रंगाची नायलॉनची साडी तू पुन्हा कधी नेसलीस का.

"ती?" ती म्हणाली. "ती मी त्याच दिवाळीला बोहारणीला दिली. दोन पातेली आली. एकात अजून दूध तापवते."